बहात्तरातल्या पंचेचाळीस जणी

स्वरूपाला आकड्यांची भीती कधीच नव्हती. भीती होती ती फोनवर जपानी बोलायची. आणि घात झाला तो नेमका फोनवरच.

शाळांच्या भिंतींवर लावायचे इतिहासाचे तक्ते छापून घेणाऱ्या टोकियोतल्या जिंबोचोच्या एका चिमुकल्या ऑफिसात ती ‘बाइतो’ करत होती, म्हणजे पार्ट टाइम. एप्रिलपासून तिला परमनंट करायचं की नाही, ते ऑफिसचे मालक मियाके-सान शुक्रवारी सांगणार होते. तोवर ‘१८९३’ हा तक्ता हातावेगळा व्हायचा होता. एका वर्षात ब्रिटिशांच्या वसाहतींत काय काय झालं ते त्यात होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत गोऱ्यांना स्वतःचं सरकार मिळालं आणि तिथेच एका तरुण हिंदी बॅरिस्टरला आगगाडीतून खाली उतरवलं. ऑस्ट्रेलियात बँका धडाधड बुडाल्या. आणि न्यूझीलंडच्या बायकांनी मताचा हक्क मिळवला. त्यासाठीच्या अर्जांवर बायकांच्या सह्या होत्या एकतीस हजार आठशे बहात्तर. स्वरूपाचा जीव या चौकटीवर जडला होता. आठ वर्षं जिची ओळख ‘इंजिनिअरची बायको’ एवढीच, तिचा जडणार नाही तर कुणाचा?

गुरुवारी दुपारी मियाके-सान बाहेर गेलेले असताना छापखान्याचा फोन आला. सह्यांचा आकडा पुसट दिसतोय, जरा सांगता का? स्वरूपाने घाईघाईने सांगितला आणि सुटले बाई म्हणत फोन ठेवला.

संध्याकाळी ओजिमातल्या आपल्या घरी ती पोळ्या लाटता लाटता लेकीला मराठी आकडे घालत होती.

“बहात्तर,” स्वरूपा म्हणाली.

नुपूरने २७ लिहिलं.

“अगं वेडाबाई, बहात्तर!”

“पण ‘बा’ आधी येतो ना! आधी नि, दोन; मग नानाजू, सत्तर.”

स्वरूपाला हसू फुटलं आणि ओठांवरच थिजलं. तिनेही आकडा मनात मराठीतच वाचला होता. आणि फोनवर काय म्हणाली होती? ‘निजू-शिचि.’ सत्तावीस!

“फक्त पंचेचाळीसचा फरक,” विश्वजित लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला. “कोण मोजायला बसलंय? उद्या तुझं कन्फर्मेशन आहे. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?”

नवऱ्याचं शहाणपण नेहमी असंच बिनचूक असतं. पण स्वरूपाला त्या पंचेचाळीस जणी दिसायला लागल्या. कुणी पिठाचे हात पुसत सही करायला उठली असेल, कुणी घरातल्यांची बोलणी खाऊन. सव्वाशेच्या वर वर्षं टिकलेल्या त्यांच्या सह्या आपण एका फोनवर पुसल्या, या विचाराने तिला रडूच आलं. नोकरी जाते तर जाऊ दे, तिने ठरवलं.

सकाळी मियाके-सान यायच्या आधीच ती ऑफिसात हजर होती. ते आल्या आल्या तिने कमरेत वाकून सगळं सांगून टाकलं.

मियाके-साननी दातांतून हवा आत ओढली. जपानात या आवाजाचा अर्थ सहसा ‘नाही’ असा होतो.

“पण चुकलं कसं?” त्यांनी विचारलं.

तिने कागदावर ‘बहात्तर’ जपानी अक्षरांत लिहून दाखवलं: आमच्यात दोन आधी, सत्तर मागून. त्यांनी तो कागद आपल्याकडे ओढून घेतला. “छापखान्याला फोन तुम्हीच करा,” ते म्हणाले.

मशीन अजून सुरू झालं नव्हतं. तिने एकेक आकडा सुटा सुटा सांगितला: सान, इचि, हाचि, नाना, नि. दुपारी नवं प्रूफ आलं. ते तिने दोनदा वाचलं आणि कोपऱ्यातल्या तपासणाऱ्याच्या चौकटीत नेहमीसारखी पेनाने खूण करायला गेली, तर मियाके-साननी पेन बाजूला सारलं.

“सोमवारपर्यंत तुमच्या नावाचा शिक्का करून घ्या.”

त्या ऑफिसात शिक्का फक्त परमनंट माणसाचा असे.

“पण... चुकले होते ना मी?”

“चुका सगळेच करतात. पंचेचाळीस जणींसाठी धावत कोण येतं?”

तिचे डोळे भरून आले. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, “माझं नाव लांब आहे हो. एवढ्याशा शिक्क्यात मावेल?”

मियाके-साननी प्रुफातल्या न्यूझीलंडच्या चौकटीवर बोट ठेवलं. मग सकाळचा तिचा कागद समोर धरून एकेक अक्षर जुळवत ते मराठीत म्हणाले, “बा... हात्... तारु.” आणि पुढे जपानीत, “या सगळ्या जणी मावल्या की.”