घालून ये, मग काढ

आमच्या पोलीस ठाण्याचं नाव मी सांगणार नाही. आबासाहेब जमादार निवृत्त होऊन सुखानं नातवंडं खेळवतायत, उगाच म्हातारपणी त्यांना उचकी कशाला? बोरीकडे जाणाऱ्या एसटीच्या रस्त्यावर आहे, एवढं पुरे.

विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. आमच्या वस्तीतल्या नामांतर समितीचा मी चिटणीस. भाषण करायला मी, निवेदन लिहायला मी, घोषणा द्यायला मी. माझी बायको चतुराबाई विचारायची, "अन् काम कराया कोन?" मी लक्ष देत नसे. पुढाऱ्यानं घरच्यांचं ऐकलं की त्याचा आवाज बसतो.

त्या चैत्रात बायनामावशीच्या पोरानं, भुजंगानं, गावविहिरीच्या कठड्यावर निळ्या रंगात 'नामांतर झालेच पाहिजे' असं लिहिलं. अक्षर इतकं सुरेख, की पाणी भरायला आलेल्या सगळ्यांनीच थांबून वाचलं. दुसऱ्या दिवशी माणिकराव पाटलांच्या दोन माणसांनी भर चौकात त्याचा हात मोडला. उजवाच मोडला, विचारून मोडला, "कोणत्या हातानं लिहिलं रे?" आज हे सांगतानाही माझं डोकं तापतं.

बायनामावशी फिर्याद द्यायला ठाण्यात गेली. मावशी विधवा, लोकांच्या शेतात खुरपायला जाणारी, भुजंगाशिवाय तिला दुसरं कुणी नाही. आता आमच्या ठाण्याची एक रीत होती. पाटील आले की बुटासकट खुर्चीवर, आणि आमच्या वस्तीतलं कुणी आलं की चपला फाटकाबाहेर. तसा कायदा नव्हता, बोर्ड नव्हता. निजामाच्या काळात कुण्या अमीनसाहेबानं, म्हणजे तेव्हाच्या फौजदारानं, लावलेली सवय. निजाम गेला, अमीन गेले, सवय तेवढी ठाण्यात मुक्कामाला राहिली.

मावशी फाटकात उभी राहिली तेव्हा आबासाहेब पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "चपला काढ आधी."

"साहेब, पायात न्हाईतच."

आता मात्र त्यांनी मान वर केली. मावशीच्या भेगाळलेल्या पायांकडे पाहिलं, मग शिपायांकडे पाहिलं आणि मिशीत हसत म्हणाले, "मग घालून ये. मग काढ. मग बघू."

शिपाई पोट धरून हसले. मावशी तशीच उन्हातून परत आली आणि आमच्या दारात बसून रडायला लागली. "माझ्या लेकराचा हात मोडलाय अन् त्यायला हसू यायलंय," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी ताडकन उठलो. "निवेदन देऊ! मोर्चा नेऊ! थेट परभणीला!"

चतुराबाई चूल फुंकत होती. फुंकणी बाजूला ठेवून तिनं विचारलं, "मावशी, सायेब नेमकं काय म्हनले? पुन्यांदा सांगा."

"घालून ये, मग काढ, मग बघू."

"म्हंजी न्हाई तर म्हनले न्हाईत. हुकूम दिलाय. अन् सायबाचा हुकूम मोडून कसं चालंल?"

मला तिचा तो सूर चांगला ठाऊक आहे. त्या सुरात ती बोलली की घरातली एखादी वस्तू नाहीशी होते.

अडचण अशी, की हुकूम पाळायचा तर चपला पाहिजेत, आणि वस्तीतल्या निम्म्या बायांच्या पायांची चपलेशी ओळखच नव्हती. बाया घाबरतही होत्या. मोर्चा म्हणजे लाठी, हे सगळ्यांनी पाहिलेलं. चतुराबाई दारोदार फिरून सांगायची, "मोर्चा न्हाई काढायचा बायांनो. नुसत्या चपला काढायच्यात."

धोंडीबा चांभारानं त्याच्याकडे दुरुस्तीला येऊन तशाच पडून राहिलेल्या चपलांचं गाठोडं सोडलं. मुंजाजी धनगरानं त्याच्या सगळ्या भावांच्या खिळे ठोकलेल्या जाड वहाणा आणून टाकल्या. जमादार फेरीला आले की मुंजाजीच्या कळपातलं एक कोकरू कमी व्हायचं, त्यामुळे त्याला फार समजवावं लागलं नाही. चुडाव्याहून चतुराबाईची भावजय रेल्वेनं एक पोतंच घेऊन आली. टीसीनं विचारलं तर म्हणाली, कांदे आहेत. टीसीनं वास घेतला आणि मुकाट्यानं पुढच्या डब्यात गेला.

दिवसही चतुराबाईनंच ठरवला. ठाण्यातल्या दगडांना चुना आणि गेरू लावायला आमच्या वस्तीला फुकटचं बोलावणं आलं, की समजावं, परभणीचे मोठे साहेब तपासणीला येणार. त्या आठवड्यात बोलावणं आलं. चुना लावता लावता बायांनी शिपायाला गोड बोलून वार काढून घेतला. सोमवार. म्हणजे बाजाराचा दिवस.

सोमवारी सकाळी मी माझ्या नव्या चपला शोधत होतो. धोंडीबाकडून मुद्दाम करून घेतलेल्या, काठाला लाल दोऱ्याची शिवण. परभणीच्या सभेत माझं भाषण होतं, त्यासाठी राखून ठेवलेल्या. अजून एकदाही घातल्या नव्हत्या.

"कुत्र्यानं नेल्या असतील," चतुराबाई म्हणाली आणि पदर खोचून निघून गेली.

मी खिशात निवेदन घेऊन अनवाणी मागोमाग निघालो. पुढे चाळीस-पन्नास बाया चाललेल्या. कुणाच्या पायात नवऱ्याच्या, कुणाच्या पायात पोराच्या, एकीच्या तर दोन्ही डाव्या पायाच्याच. घोषणा नाही, झेंडा नाही, नुसता फटक फटक आवाज. बाजारातली माणसं वांगी तागडीत तशीच टाकून बघायला आली.

फाटकात प्रत्येकीनं चपला काढल्या. बाजूला नाही, बरोबर मधोमध. मग जमादारांना हात जोडून आत जाऊन लिंबाच्या सावलीत बसली. मुंजाजीच्या वहाणा रस्त्याच्या अंगाला, खिळे वर करून. बघता बघता गुडघाभर ढीग झाला.

"ए, काय लावलंय हे? उचला त्या!" आबासाहेब पट्टा सावरत धावत आले.

"सायेब, तुमचाच हुकूम," चतुराबाई अगदी नम्रपणे म्हणाली. "घालून आलो, काढल्या. आता मावशीची फिर्याद बघा."

"आधी उचला म्हणतो ना!"

"उचलल्या तर हातात धराव्या लागतील, सायेब. पन्नास बाया हातात चपला घेऊन तुमच्यापुढं उभ्या ऱ्हायल्या, तर बाजारातले लोक काय समजतील?"

बाजार खदखदून हसला. आबासाहेबांचे कान लाल झाले. तेवढ्यात हॉर्न वाजला.

मोठ्या साहेबांची जीप ढिगापाशी येऊन थांबली. ड्रायव्हरनं खिळे पाहिले आणि इंजिनच बंद केलं. साहेब घामाघूम होऊन खाली उतरले.

"हे काय आहे?"

"चपला आहेत, सर."

"ते मलाही दिसतंय. फाटकात का आहेत?"

आबासाहेब पुन्हा पट्टा सावरायला लागले. जी गोष्ट ते आम्हाला रोज बसल्या जागेवरून सांगत, ती भर बाजारात साहेबांना सांगता येईना. मग चतुराबाईनंच सांगितली. ठाण्याची रीत, मावशीचा मोडक्या हाताचा भुजंग आणि जमादारांचा हुकूम, जसाच्या तसा. साहेबांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा आबासाहेबांकडे. त्यांना आमचा फार कळवळा आला असं मी म्हणणार नाही. पण ऊन कडक होतं आणि बाजार बघत होता.

"ज्याची त्याला द्या. वाट मोकळी करा. आणि फिर्याद आत्ता लिहून घ्या."

शिपाई पायानं ढीग सारायला लागला, तशी चतुराबाई ओरडली, "पायानं न्हाई, हातानं! एक जरी हरवली तर त्याची बी फिर्याद देऊ!"

आणि आबासाहेब वाकले. कडक इस्त्रीच्या गणवेशात वाकून त्यांनी एक जोड उचलला आणि वर धरला. "ही कुणाची?"

कुणीच बोलेना. ह्यात मात्र कुणाची लबाडी नव्हती. चपला मागून आणलेल्या, कुणाची कोणती ते कुणालाच ओळखू येईना. बाया एकमेकींना विचारायच्या, घालून बघायच्या, सैल होते म्हणून परत करायच्या. आबासाहेब पुन्हा वाकायचे. आमच्या वस्तीची पायताणं जन्मात न शिवलेले ते हात त्या दिवशी एकेक जोड लावून देत होते. मला इतका आनंद झाला, की खिशातलं निवेदन घामानं भिजून गेलं तरी कळलं नाही.

शेवटी एक जोड उरला. कोरा, लाल शिवणीचा.

"ही कुणाची?"

माझी! मी तोंड उघडलंच होतं. चतुराबाईनं माझ्याकडे पाहिलं. लिंबाखाली एकटी बायनामावशी तेवढी अनवाणी बसलेली. आपली म्हणावी अशी चप्पल तिनं कधी पाहिलीच नव्हती.

"बायनामावशीची," मी म्हणालो. समितीचा चिटणीस म्हणून केलेलं माझं सगळ्यात छोटं भाषण.

आबासाहेबांनी चपला नेऊन मावशीच्या पायाशी ठेवल्या. मावशीनं त्या घातल्या आणि ती ठाण्याच्या पायऱ्या चढली. दारात आबासाहेबांच्या तोंडून सवयीनं "चप..." एवढं निघालं, आणि उरलेलं त्यांनी गिळलं. मावशीनं पाटलांच्या त्या दोघांचीही नावं सांगितली, "कोणत्या हातानं लिहिलं रे" हेही सांगितलं. आबासाहेबांनी लिहिलं. चतुराबाईनं ते दोनदा वाचून दाखवायला लावलं.

परत येताना मावशी लंगडत होती. कोरं कातडं, अंगठ्याला फोड आलेला. मी म्हणालो, "मावशी, काढा की आता. ठाणं मागं ऱ्हायलं." माझा हेतू अगदीच शुद्ध नव्हता. रस्ता तव्यासारखा तापलेला आणि मी अनवाणी.

"चावू दे," ती म्हणाली आणि चालत राहिली.

तिच्या झोपडीच्या दारात भुजंग बसला होता, हात गळ्यात बांधलेला. त्याच्यासमोर मावशी थांबली. उंबऱ्याबाहेर तिनं एक चप्पल काढली, मग दुसरी काढली आणि दोन्ही नीट जोडून ठेवल्या.

"हितं काढते," ती म्हणाली. "हे माझं घर हाय."

मी चपलांकडे पाहिलं, मग चतुराबाईकडे.

"चला," ती म्हणाली, "धोंडीबाकडं जाऊन पायाचं माप देऊन या."