वारुळावरचा जिना

मित्रांनो, मी एक जुना लाकडी जिना आहे आणि अलीकडे फार भित्रा झालो आहे. कुणी पहिल्या पायरीजवळ आलं तरी माझ्या काळजात धस्स होतं.

निजामाच्या राज्यात गोऱ्या साहेबांच्या मुक्कामासाठी परभणीत ही सरकारी कोठी बांधली, तेव्हा मी जन्मलो. पायऱ्या सागवानी, कठडा शिसवाचा. पण खालचं न दिसणारं लाकूड सगळं आंब्याचं. बडा घर पोकळ वासा! तरी साहेबांचे बूट आणि पुढे कचेरीतल्या कारकुनांच्या चपला मी बिनतक्रार वाहिल्या. लोक कौतुकाने कठड्यावरून हात फिरवत, तेव्हा मी फुगून जाई. मग कचेरी नव्या इमारतीत गेली. कोठी नुसती बघण्यापुरती उरली आणि माझ्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वारूळ उठलं.

राखणदार बालाजी पहार घेऊन आला, तर त्याची बायको रुख्मिणी आडवी आली. "नागोबाचं घर हाय ते. हात लावायचा न्हाई!"

दर पंचमीला ती तिथे दूध-लाह्या ठेवी, हळदकुंकू वाही. नाग मी कधीच पाहिला नाही. वाळवी मात्र रोज माझं अंग पोखरत होती. तिकडे पूजा चाले, इकडे मला कापरं भरे. ओरडणार कसा? मला येतं ते फक्त करकरणं.

परवा गंगाखेडहून शाळेची सहल आली. राजेश्रीबाई "सावकाश!" म्हणेपर्यंत मुलं धावतच वर निघाली. मी जीव तोडून करकरलो.

"बाई, जिना गाणं म्हणायलाय!" सृष्टी नावाची मुलगी हसली आणि तिने मुद्दाम उडी मारली. खालचा आधार सुटला. पायरी कलंडली आणि तिचा पाय मांडीपर्यंत आत गेला. ती किंचाळली. मित्रांनो, उरलेलं अंग सावरताना मी भीतीने अर्धमेला झालो होतो.

रुख्मिणी धावत खाली शिरली. पोरीचा पाय हाताला येईना. मग तिने मागचापुढचा विचार न करता वारुळावरच पाय दिला. "लेकरू धरलंय मी, तुमी वरून वढा!"

सृष्टीचं खरचटण्यावर निभावलं. रुख्मिणी मात्र तिथेच वाकून बघत राहिली. पायाखाली वारूळ फुटलं होतं. आत नाग नव्हता. पांढरी वाळवी वळवळत होती आणि माझा भुगा पडला होता. "लय चुकलं माझं," म्हणत ती रडली.

आता माझ्या तोंडाशी दोर बांधला आहे. मला दुरुस्त करायचं की पाडायचं, ते अजून ठरायचं आहे. बाहेर गाडी थांबली की पाडायला आले की काय म्हणून मी गारठतो.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, देवळात, घरात असं जुनं लाकूड असेलच. त्याला हात जोडण्याआधी जरा वाकून त्याच्या खाली बघा. आमचं मोडणं आमच्यापुरतं नसतं. आमच्यावर कुणाचं तरी लेकरू उभं असतं.