कोरडी थुंकदाणी

मित्रांनो, नाक मुरडून झाले असेल तर सुरुवात करते. मी एक जुनी थुंकदाणी आहे. तांब्याची, आतून कल्हई केलेली, गुडघ्याएवढी उंच, तोंड नरसाळ्यासारखे. कुठल्या जिन्याच्या कोपऱ्यात पडलेली नव्हे. मी वाइन तयार करणाऱ्या घरात, चाखण्याच्या खोलीत उभी असते. माझ्यात फक्त लाल वाइन पडते, तीही दोन-तीन प्रकारच्या द्राक्षांच्या वाइनी एकत्र करून बनवलेली, दणकट, तोंडात ठाण मांडून बसणारी.

पाहुणे येतात आणि मला बघून हसतात. "एवढी चांगली वाइन थुंकून टाकता?" असे विचारतात. हो, टाकतात. एका सकाळी वीस पेले चाखायचे असतात. प्रत्येक घोट पोटात घातला तर पाचव्या पेल्याला माणूस खुर्चीशी गप्पा मारू लागेल. म्हणून घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, काय वाटले ते लिहायचे आणि थुंकायचे. इतकी साधी गोष्ट या हसणाऱ्यांच्या डोक्यात शिरत नाही. मला पाहुणे मुळीच आवडत नाहीत.

मला घडवणाऱ्या तांबटाने घडवतानाच तीन वेळा शिव्या दिल्या, कारण माझी कड सरळ येत नव्हती. चौथ्या वेळी आली. तेव्हापासून शिव्यांचे मला काही वाटत नाही. खोट्या कौतुकाचा मात्र राग येतो, आणि चाखण्याच्या खोलीत त्याचा तुटवडा कधीच नसतो.

माझा पहिला मालक हा या घरातला बाप. तीस वर्षे त्याने माझ्याशी इमानदारी ठेवली. सकाळी दहाला यायचा, अंगाला साबणाचाही वास नसायचा. पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून रंग बघायचा. मग पेल्यात नाक घालून बराच वेळ गप्प राहायचा. घोट घेतला की ओठांच्या फटीतून हवा ओढून खळखळ करायचा आणि दोन हातांवरून नेम धरून थुंकायचा. एक थेंब बाहेर पडत नसे. घरातल्या तीन वाइनींना त्याने नावे ठेवली होती. जाड सालीच्या द्राक्षांची ती काळी, गोडसर आणि सौम्य ती मऊ, आणि मिरीचा वास मारणारी ती तिखट. थुंकून झाले की म्हणायचा, "काळी फार बडबड करतेय. मऊ घाल जराशी." बस, एवढेच. त्याने कधी वाइनला मखमल म्हटले नाही, वादळ म्हटले नाही, नर्तकी तर नाहीच नाही.

तो गेला आणि माझे ग्रह फिरले. घरात दोन मुले, थोरला आणि धाकटी. चाखायला लागते ती जीभ होती धाकटीकडे. पण मी मिळाले थोरल्याला. का, तर तो आधी जन्मला! धाकटीच्या वाट्याला आली इनॅमलची पांढरी बादली, फरशी पुसायची. ती बादली तिने मुकाट्याने धुऊन घेतली आणि आपल्या खुर्चीशेजारी ठेवली. मला मुकाट्याने काही घेता येत नाही, पण मला विचारतो कोण?

आता थोरल्याविषयी सांगते, आणि हात राखून सांगणार नाही. तो गिळायचा. पहिल्या दिवसापासून गिळायचा. "घशाखाली उतरल्याशिवाय वाइन कळत नाही," असे पाहुण्यांपुढे मिशीवरून हात फिरवत सांगायचा. पण चाखण्याच्या टेबलाशी गिळायला बापाची मनाई होती, म्हणून तिथे त्याने नामी युक्ती काढली. घोट पोटात घालायचा, मग पेला विसळल्याचे सोंग करून सुरईतले पाणी माझ्यात ओतायचे. वरून बघणाऱ्याला मी भरलेली दिसायचे. मी तीस वर्षे लाल वाइन प्यायलेली बाई, आणि मला पाणी! सहा वर्षे मी आतल्या आत जळत होते.

याचा परिणाम फक्त माझ्यापुरता असता तर मी गिळून टाकला असता. पण दरवर्षी दोन्ही भावंडे आपापले मिश्रण करत आणि त्यांतले एकच बाटल्यांत भरले जाई. कोणाचे, ते एका सकाळी ठरे. आई स्वयंपाकघरात सहा बाटल्यांना कापडी पिशव्या घालून वर आकडे लावायची. एक बाटली थोरल्याची, एक धाकटीची, चार बाजारातल्या, उगीच चकवायला. दोघांनी चाखून वीसपैकी गुण द्यायचे आणि आईने बेरीज करायची. धाकटी सरळ मनाने गुण द्यायची, त्यामुळे तिच्या कागदावर दोघांच्या वाइनींत एखाद-दुसऱ्या गुणाचाच फरक असे. थोरला मात्र तिसऱ्या पेल्यापासून मजेत यायचा. मग जी वाइन सगळ्यांत मोठ्याने ओरडते तीच त्याला ऐकू यायची, आणि ओरडणारी वाइन नेमकी त्याचीच असायची. भरमसाट काळी, वर नव्या लाकडाच्या पिंपात महिनोन् महिने कोंडलेली. सहा वर्षे तीच बाटल्यांत गेली. लोक ती पिऊन 'वा!' म्हणायचे आणि दुसरा पेला घ्यायचे नाहीत.

त्या सहा वर्षांत भावंडांचे बोलणेही बंद झाले. हातभर अंतरावर बसून ती आईमार्फत बोलत.

"आई, त्याला सांग, खिडकी उघड म्हणावं. त्याच्या अत्तराच्या वासात काही कळत नाहीये."

"आई, तिला सांग, नाक एवढं नाजूक असेल तर घरी ठेवून यावं."

"मी काय टपालखातं आहे का?" आई म्हणायची आणि स्वतः उठून खिडकी उघडायची.

गेल्या वर्षी धाकटीने आपल्या मिश्रणाचा निकाल लागण्याआधीच सांगून टाकले. "आई, त्याला सांग, यंदाही त्याचीच निघाली तर मी नदीपलीकडच्या मळ्यात कामाला चालले. त्यांना होकार कळवलाय. परत यायची नाही."

"आई, तिला सांग, ट्रंक उचलायला मी येईन."

आई दाराशी उभी होती. तिने काही निरोप पोहोचवला नाही. पिशव्या घालायला आत गेली.

त्या वर्षी धाकटीने तऱ्हा बदलली होती. तिनेही काळी भरपूर घेतली होती, पण तिखट घालून काळीला आवर घातला होता आणि शेवटी मऊ अगदी मापून टाकली होती. मला हे कसे कळले? तिची बादली माझ्या शेजारीच असते, आणि भांडी आपसांत बोलत नाहीत असे तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या.

चाखणे सुरू झाले. थोरला त्या दिवशी पाहुण्यांबरोबर दोन-तीन पेले आधीच रिचवून आला होता. थोरल्याने पहिला घोट गिळला, पाणी ओतले. दुसरा गिळला आणि तोंड कडू केले. "आई, तिला सांग, ही तिची. भुसा चावल्यासारखं लागतंय. वीसपैकी तीन." तिसरा गिळला. चौथ्याला त्याचे डोळे मिटले. "आहाहा! ही माझी. अंगावर येते, पण ओरबाडत नाही. माझा हात मला ओळखू येणार नाही? वीसपैकी वीस! लिही, आई, लिही."

आईने पिशव्या काढल्या. दुसरी थोरल्याची होती. चौथी धाकटीची होती.

मग थोरला ताडकन उठला, त्याने मला कानाला धरून उचलले आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर उपडे केले. "हे बघ! मी थुंकलोच नव्हतो! सगळं गिळत होतो! हे चाखणंच नव्हे, माझे गुण बाद!"

टेबलावरून खाली ओघळले ते नितळ पाणी. निकाल फिरवण्याच्या घाईत त्याने स्वतःचे पितळ उघडे पाडले होते, तेही तांब्याच्या भांड्यातून. मी टेबलावर आडवी पडले होते, तरी मला इतके बरे कधी वाटले नव्हते.

"कधीपासून गिळतोयस?" आईने विचारले.

"आजच. आज जरा..."

धाकटीने मला सरळ केले आणि माझ्या पोटात बोट फिरवून आईला दाखवले. माझी शेवटची कल्हई बाप गेला त्या वर्षीची, तरी बोट स्वच्छ होते. मग तिने आपली बादली पुढे सरकवली. ती आतून जांभळी-काळी पडली होती, कितीही घासली तरी न निघणारी. "आई, त्याला विचार, सहा वर्षं लाल वाइन थुंकल्यावर ही आतून इतकी पांढरी कशी राहिली?"

आईने गुणांचे कागद पुन्हा पुढे ओढले. सहा वर्षांच्या सहा सकाळी तिला आठवत असाव्यात. ती म्हणाली, "गुण लिहिलेत ते लिहिलेत. चौथी जिंकली. भरा बाटल्यांत."

आणि इथे धाकटीने मला संताप आणला. "नको," ती म्हणाली. "झिंगलेल्या माणसाचे वीस गुण मला नकोत. उद्या तो सांगत फिरेल, मी शुद्धीत नव्हतो म्हणून तिची निघाली. उद्या सकाळी परत मांड. त्याला थुंकायला लाव."

हातात आलेली गोष्ट कोणी अशी सोडते का? नदीपलीकडे जायची तिची ट्रंक तयार होती. शुद्धीवर आलेला थोरला आपली वाइन वासावरून ओळखणार आणि तिला वीस देणार, हे शेंबडे पोरही सांगेल. पण बापाची लेक ती. एकदा नाही म्हणाली की नाही.

दुसऱ्या दिवशी आईने आकडे बदलून बाटल्या मांडल्या. टेबलावर पाण्याची सुरई ठेवली नाही. स्वतः खुर्ची ओढून ती माझ्या अगदी समोर बसली.

थोरल्याने पहिला घोट घेतला, इकडे तिकडे पाहिले आणि थुंकला. मित्रांनो, सहा वर्षांनंतर! नेम चुकला, निम्मे माझ्या कडेवर सांडले, पण वाइन होती. बाजारातली, पातळ, उगीच आंबट, तरी मी ती मानाने घेतली. दुसरी आली ती त्याचीच होती. सगळा तुरटपणा आणि ओले लाकूड. त्याने ती वास घेताच ओळखली. थुंकून झाल्यावर गुण लिहिताना त्याचा हात जरा थांबला, पण त्याने वीस लिहिले.

मग तिसरा पेला. त्याने तो कागदावर तिरका धरला. नाक घातले आणि तसाच राहिला, अगदी बापासारखा. घोट घेतला. खळखळ केली. मी तोंड वासून वाट बघत होते. त्याच्या गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली. माझ्यात काहीच आले नाही.

त्याने घाईघाईने कागदावर पाच लिहिले. चौथी, पाचवी आणि सहावी नीट थुंकली. सगळे संपल्यावर त्याचा उजवा हात सवयीने सुरई शोधत टेबलावरून फिरला आणि रिकामाच परत आला.

"तिसरी कुठे गेली?" आईने विचारले.

"थुंकलो की."

"मी मोजत होते. पाच वेळा आवाज आला."

"तुझं ऐकणं हल्ली..."

"माझे कान शाबूत आहेत," आई म्हणाली, आणि उठून फक्त तिसऱ्या बाटलीची पिशवी काढली. ती धाकटीची होती.

धाकटी त्याच्याकडे वळली. आईकडे नाही, थेट त्याच्याकडे. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"कशी होती, दादा?"

थोरल्याने समोरच्या कागदावरच्या पाचाकडे पाहिले. मान वर केली नाही.

"थुंकवली नाही," तो म्हणाला.

आईने त्याच्या हाताखालचा कागद ओढून घेतला आणि चार तुकडे केले. त्याच आठवड्यात धाकटीचे मिश्रण बाटल्यांत भरायला घेतले. तिने नदीपलीकडे नकार कळवला. भावंडांचा समेट वगैरे झाला असे समजू नका, मी तुम्हाला गोडगोड फसवणार नाही. थोरला आता पुढच्या दालनात पाहुण्यांना मखमल आणि वादळे ऐकवतो, आणि निरोप अजूनही आईच पोहोचवते. मी धाकटीच्या खुर्चीशी आले. बादली पुन्हा फरशीच्या कामाला लागली. त्याबद्दल मला थोडे वाईट वाटते, कारण खरी नोकरी तिनेच केली होती.

अशा गोष्टीच्या शेवटी 'मला जपा' म्हणून गळा काढायची पद्धत आहे. मी काढणार नाही. वर्षातून एकदा कल्हई करा, कड ठोकून सरळ करा आणि मला फुले खोचून कोपऱ्यात उभी करू नका, एवढे पुरे. पण चाखायला बसाल तर खरे सांगायला बसा. चांगले लागले तर चांगले लिहा, मग ते तुमच्या वैऱ्याने केलेले का असेना. तेवढे जमत नसेल तर टेबलापासून उठा आणि तिकडे पाहुण्यांत जाऊन हवे तेवढे ढोसा.

धाकटी रोज सकाळी त्या वाइनचा एक घोट घेते आणि माझ्यात थुंकते. तिलाही ते जड जाते, मला कळते, पण ती थुंकते. थोरल्याला ते जमले नाही. त्या एका घोटासाठी मी त्याला माफ केले आहे. बाकीच्या सहा वर्षांसाठी नाही.