आभाराचे पत्र

वेन्झेल यांनी ती फाइल बाजूच्या गठ्ठ्यावर न टाकता उघडीच ऊर्मिलापुढे सरकवली. गेल्या दहा दिवसांत असे पहिल्यांदाच घडत होते.

"ही राखीव रक्कम काढून टाकावी लागेल," ते म्हणाले. "ऐंशी हजार युरो. त्यावर कर भरा."

वेन्झेल राज्याच्या करखात्याचे तपासनीस. बॉनमधल्या या विमा कंपनीचे मागच्या तीन वर्षांचे हिशेब तपासायला आले होते. नियम साधा होता. एखाद्या अपघातापोटी पुढे भरपाई द्यावी लागेल असे कंपनीला खरोखर वाटत असेल, तर तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला ठेवता येते आणि तिच्यावर कर लागत नाही. वाटत नसेल, तर तो नुसता नफा.

ही रक्कम ऊर्मिला पेठेनेच २०११ साली ठरवली होती. एर्लांगेनमध्ये सायकलवरून जाणाऱ्या श्रीपाद दामले या संशोधक विद्यार्थ्याला कंपनीच्या एका ग्राहकाच्या गाडीने उडवले होते. उजवे मनगट मोडले. ते पुढे आखडत जाईल, असे डॉक्टरांनी लिहून ठेवले होते. कंपनीने सायकलचे आणि इस्पितळाचे पैसे दिले आणि ती गप्प बसली. हात अधू झाला तर त्याचीही भरपाई मागता येते, हे त्याला कोणी सांगितले नाही. मागायची तीन वर्षांची मुदत येत्या एकतीस डिसेंबरला संपत होती. आज बावीस तारीख.

मागणे दूरच, त्याने आभाराचे पत्र पाठवले होते.

"विमा कंपनीचे आभार?" वेन्झेल पत्र वाचू लागले. "'आपणास फार त्रास दिला. हात आता जवळजवळ बरा आहे. आणखी तसदी देण्याची इच्छा नाही.' म्हणजे माणूस सरळ सांगतोय, काही नको म्हणून."

"फ्राऊ पेठे खुलासा करतील," शेजारी बसलेल्या डॉ. ब्रांट म्हणाल्या. ऊर्मिलाच्या या वरिष्ठ बाईंना कर भरायचा नव्हता आणि त्या मुलाला जागेही करायचे नव्हते. ऊर्मिलाने नोव्हेंबरात दोनदा विषय काढला होता. "तो काही विचारतोय का?" एवढेच त्यांनी विचारले आणि ती मुकाट्याने जागेवर येऊन बसली. त्याची तिला आता मनापासून लाज वाटत होती.

ते 'जवळजवळ' तिच्या ओळखीचे होते. तिचे वडील पाय ओढत पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला जात आणि वर "आता काही त्रास नाही हो" म्हणत.

तिने फाइलमधून पासपोर्टची प्रत काढली आणि पत्राशेजारी ठेवली.

"या दोन सह्या बघा."

"मला ही लिपी वाचता येत नाही."

"वाचू नका. नुसत्या बघा."

पासपोर्टवरची देवनागरी सही एका झोकात केलेली, वरची रेघ सरळ. पत्राखाली तेच नाव होते, पण अक्षरे सुटी सुटी, पहिलीतल्या मुलाने गिरवल्यासारखी.

"डाव्या हाताने केलीय," ऊर्मिला म्हणाली. "अपघातानंतर सहा महिन्यांनी."

वेन्झेल यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेले.

"खरंय," ते सावकाश म्हणाले. "पण मग तो मागत का नाही?"

"भीड वाटते त्याला. समोरच्याला त्रास नको म्हणून आमच्याकडे माणसं दुखणं लपवतात."

"भिडेला माझ्या फॉर्ममध्ये जागा नाही, फ्राऊ पेठे. जो मागतच नाही त्याला तुम्ही पैसे देणार, हे मी कशावरून मानू?"

ऊर्मिलाने डॉ. ब्रांट यांच्याकडे बघायचे टाळले.

"आज त्याला पत्र जातंय. हात कसा आहे, हे विचारणारं. प्रत तुमच्या फाइलला लावते."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग रक्कम राहू दे," म्हणत वेन्झेल यांनी पुढची फाइल ओढली.

कंपनीच्या पत्राला दोन सह्या लागत. दुपारी डॉ. ब्रांट यांनी मसुदा वाचला आणि मुदतीची तारीख असलेले वाक्य खोडून टाकले.

"मुदती शिकवणं आपलं काम नाही. आणि मला न विचारता असं बोललात, त्याबद्दल आपण जानेवारीत बोलू."

दुरुस्त केलेल्या पत्रावर त्यांनी सही केली. आता त्यात एवढेच उरले होते: प्रकृतीबाबत काही कळवायचे असल्यास कळवावे. त्यावर काय उत्तर येईल, हे ऊर्मिलाला आत्ताच दिसत होते. अत्यंत आभारी आहे.

तिने आपली सही केली आणि खाली पेनानेच दोन ओळी लिहिल्या.

"हे काय?" डॉ. ब्रांट यांनी मान वाकडी करून पाहिले.

"नाताळच्या शुभेच्छा. त्याच्या भाषेत."

"छान. लोकांना बरं वाटतं."

पत्र टपालाच्या ट्रेमध्ये न ठेवता ऊर्मिला स्वतःच कोट चढवून खाली उतरली. कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीपाशी तिने पाकीट बंद करण्यापूर्वी पुन्हा एकदा त्या ओळी वाचल्या.

'श्रीपाद, या वेळी आभार मानू नका. एकतीस तारखेच्या आत वकील गाठा.'