यादीबाहेरचा नंबर

लेक रविवारी सकाळी नव्या फोनचं खोकं घेऊन दारात उभी राहिली, तेव्हाच आई समजली की आज आपलं काही चालायचं नाही. लेकीने चपला काढल्या, हात धुतले, टेबलावर निवडायला घेतलेली भाजी बाजूला सारली आणि खोकं मधोमध ठेवलं. ती एका कचेरीत फोनवरून फसवल्या गेलेल्या लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायची. सहा वर्षं तेच काम. त्यामुळे जगात दोनच प्रकारची माणसं असतात, फसवणारी आणि फसणारी, असं तिचं पक्कं मत झालं होतं. आपली आई यातल्या कुठल्या खात्यात मोडते, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

"आता माझ्याकडे नीट लक्ष दे," लेक म्हणाली. "आणि उगीच हो हो करू नकोस. तू हो म्हणतेस तेव्हा तुला काही कळलेलं नसतं."

"हो," आई म्हणाली.

जुना फोन खरंच निकालात निघाला होता. काचेला तडा गेलेला, निम्मा पडदा काळा. कोणाचा फोन आलाय ते दिसायचंच नाही. वाजला की उचलायचा आणि आवाजावरून माणूस ओळखायचा, असा आईचा दोन वर्षांचा कारभार. नवा फोन साधाच होता, पण बटणं मोठी, आकडे ठसठशीत आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरच्यांनी उचलायला यावं. लेकीने जुन्यातलं सिम काढून नव्यात बसवलं, बॅटरी घातली, वेळ लावली, तारीख लावली. दोनचं बटण दाबून धरलं की लेक, तीनवर मुलगा, चारवर शेजारीण, पाचवर डॉक्टर, सहावर सिलिंडरवाला. मग सूचना सुरू झाल्या. पिन कोणालाही सांगायचा नाही. बक्षीस लागलं म्हणाला, फोन ठेवायचा. तुमच्या मुलाला पकडलंय म्हणाला, फोन ठेवायचा आणि तीनचं बटण दाबायचं. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर आपण होऊन उलटा फोन करायचा नाही. हे सगळं तिने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलं. आईला शाळेत असल्यासारखं वाटलं.

"आता शेवटचं," लेक म्हणाली. "या फोनला मी कुलूप घालतेय. यादीतल्या माणसांनी केला तरच फोन वाजेल. बाकी कोणी अनोळखी माणसाने केला तर त्याला नुसतं बिझी ऐकू येईल आणि तुला पत्तासुद्धा लागणार नाही. म्हणून नीट आठव. अजून कोणी राहिलंय?"

आईच्या डोळ्यांपुढे लगेच थेंबवाले आले.

थेंबवाले म्हणजे एक राँग नंबर. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी फोन वाजला आणि पलीकडून एक म्हातारा आवाज औषधाच्या दुकानाची चौकशी करू लागला. हे दुकान नाही, असं आईने सांगितलं. त्यावर ते गृहस्थ म्हणाले, "मग आता तुम्हीच सांगा बाई, डोळ्यांत थेंब बसून घालायचे की झोपून?" आईने सांगितलं, आडवं व्हा, पापणी खाली ओढा आणि कोपऱ्यात सोडा. दुसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता पुन्हा फोन. थेंब नीट गेले, एवढंच सांगायला. तिसऱ्या दिवशी सांगायलाही काही नव्हतं, तरी फोन आला.

उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. आता दिसेनासं झालं होतं. पाचच्या बटणावरचा बारीक उंचवटा चाचपून ते बोटांच्या अंदाजाने नंबर लावत, आणि त्या अंदाजाने एकदा दगा दिला म्हणून ही ओळख झाली. आईने एकतीस वर्षं गणवेशांच्या कारखान्यात काजं केली होती, म्हणून ती त्यांची काजवाली बाई. गप्पा काय, तर गुडघे. जेवण. कोणत्या मजल्यावर कोणती लिफ्ट अडकली होती आणि आत कोण सापडलं होतं. कधीकधी आई लेकीबद्दल कुरकुर करायची, की आठवडाभर तिचा फोन येत नाही आणि रविवारी येते ती तपासणीला आल्यासारखी. नवरा गेला त्या वर्षी आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मुलांसमोर कसं रडायचं? ते सगळं तिने थेंबवाल्यांना फोनवर सांगितलं, रडून सांगितलं, आणि ते मधे एक अक्षर न बोलता ऐकत राहिले होते.

आता हे लेकीला कसं सांगायचं? एक गृहस्थ रोज दुपारी मला फोन करतात, असं म्हटलं की लेक तिथल्या तिथे तक्रारीचा कागद काढायची. शिवाय एकाहत्तराव्या वर्षी हे तोंडाने सांगायचं या विचारानेच आईच्या कानशिलांवर ऊन चढलं. त्यांचा नंबरही तिला ठाऊक नव्हता, कारण फोन नेहमी तेच करायचे. आणि मुख्य म्हणजे लेक बोलत होती ते अनोळखी माणसांबद्दल. थेंबवाले अनोळखी आहेत हे आईच्या डोक्यातच आलं नाही. ज्याच्यापाशी आपण रडलो तो माणूस अनोळखी कसा असेल?

"नाही गं," ती म्हणाली. "अजून कोण असणार?"

लेकीने दोन बटणं दाबली, जुना फोन पर्समध्ये टाकला आणि चहा ठेवायला उठली.

सोमवारी चार वाजता आईने नवा फोन पुसून समोर ठेवला. फोन वाजला नाही. बरं नसेल, तिने मनाशी म्हटलं. मंगळवारी वाजला नाही. बुधवारी ती चार वाजता बेसिनशीही गेली नाही, नळाच्या आवाजात ऐकू यायचं नाही म्हणून. गुरुवारी तिने दोनचं बटण दाबून धरलं.

"काय झालं?" लेकीचा घाबरा आवाज.

"काही नाही. मला एक फोन करून बघ. वाजतो का बघायचंय."

लेकीने केला. फोन खणखणीत वाजला. मग आईने शेजारणीला करायला लावला, तोही वाजला. मुलाला लावला. त्याने, "आई, मी मीटिंगमध्ये आहे," हे सांगायला उलटा फोन केला, तोही वाजला. फोनमध्ये काही खोट नाही हे सिद्ध झालं. ज्यांना ज्यांना करून बघ म्हणून सांगण्यासारखं होतं, ती सगळी माणसं यादीतलीच होती, हे मात्र तिच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

पुढच्या रविवारी तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "जुना फोन कुठे गं ठेवलास?"

"भंगारात दिला. का?"

"काही नाही. सवय होती त्याची."

पंधरा दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. पडले असतील. दवाखान्यात असतील. गेले असतील, हा विचार आला की ती उठून काहीतरी काम काढायची, धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. मग एका दुपारी तिला वाटलं, कदाचित काहीच झालं नसेल. माणूस धडधाकट असेल आणि कंटाळला असेल. दोन वर्षं एका म्हातारीचे गुडघे ऐकून कोण कंटाळणार नाही? दुसरी कोणीतरी राँग नंबरवर भेटली असेल. या विचाराने ती भयंकर चिडली, आणि चिडल्यावर तिला चक्क बरं वाटलं. तो माणूस गेला म्हणून रोज मरण्यापेक्षा तो नालायक आहे असं म्हणणं सोपं होतं. तेव्हापासून तिने रागच धरला. चार वाजले की ती मनातल्या मनात त्यांना फैलावर घ्यायची. एवढी वर्षं लिफ्टमध्ये लोंबकळलात, कोणीतरी वरून सोडून द्यायला हवं होतं तुम्हाला. माझं रडणं ऐकून घेतलंत आणि पाठ फिरवलीत. फोन ठेवून हसला असाल. असं काय काय बोलायची, आणि मग तिला जेवण जायचं नाही. लेकीला वाटलं, वय झालं. तिने टॉनिक आणून दिलं.

अशा रीतीने चार महिने गेले.

एका रविवारी फोनच्या पडद्यावर एक चौकट येऊन बसली ती जाईना. लेकीने चष्मा लावून वाचलं. "नाकारलेल्या कॉलची यादी भरलीय. थांब, रिकामी करते." ती बटण दाबत खाली खाली जायला लागली आणि तिच्या भुवया वर गेल्या. मग तिचा चेहरा खुलला. कचेरीत एखादा भामटा हाती लागला की खुलायचा तसा.

"आई, हे बघ! मी सांगत होते की नाही? एकच नंबर. रोज. एक दिवस सोडलेला नाही. ब्याऐंशी, त्र्याऐंशी... बाप रे, किती चिवट. आणि वेळ बघ, बरोबर चार वाजता. दुपारी म्हातारी माणसं एकटी असतात, हे यांना पक्कं ठाऊक असतं. कुलूप होतं म्हणून वाचलीस बघ."

आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज. आता तीन आठवडे बंद झालाय. कंटाळला शेवटी."

"लाव तो नंबर."

"अगं, वेडी का तू? अशा नंबरला उलटा फोन करायचा नसतो. तिथे लिहून नाही का ठेवलंय?"

"लाव," आई म्हणाली. हा आवाज लेकीने लहानपणानंतर ऐकलेला नव्हता. तिने निमूटपणे नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर ठेवला.

पलीकडे एका बाईने उचलला.

"तुमच्याकडे एक गृहस्थ आहेत का हो," आईने फोनवर वाकून विचारलं, "लिफ्टचं काम करायचे ते? डोळ्यांना दिसत नाही त्यांना."

पलीकडून लगेच प्रश्न आला, "तुम्ही काजवाल्या मावशी का?"

"हो."

"मी त्यांची सून. बाबा गेले हो, मावशी. बावीस दिवस झाले. झोपेतच गेले, त्रास काही झाला नाही. तुम्हाला कळवायचं फार मनात होतं. दोनदा मीच लावला. पण तुमचा फोन सारखा बिझी."

लेकीने आईकडे बघितलं. मग फोनकडे. कचेरीत ती लोकांचं बोलणं निम्म्यात ओळखायची, इथे तिला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती हळूच खाली बसली.

"ते रोज लावायचे का?" आईने विचारलं.

"रोज, चारच्या ठोक्याला. मी म्हणायचे, बाबा, तीन महिने लागत नाहीये, सोडा ना आता नाद. तर म्हणायचे, अगं, बिझी म्हणजे बाई कोणाशीतरी बोलतायत. त्यांची लेक आता रोज या वेळेला फोन करत असणार. त्यांना तेच तर हवं होतं. पहिल्या दिवशी तर इतके खूश झाले होते! मी म्हटलं, मग तुम्ही वेळ बदला की, पाचला लावा. तर नको म्हणाले. लेक आहे आता, मी कशाला मधे? आपल्याला नुसतं कळलं पुरे, चाललंय त्यांचं बोलणं. बिझीचा आवाज ऐकायचे आणि फोन उशाशी ठेवून द्यायचे. शेवटच्या दिवशीसुद्धा ऐकला."

लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. चार महिन्यांत चार वाजता तिने आईला एकदाही फोन केलेला नव्हता. चारला काय, फोन वाजतो का बघ म्हणून आईनेच करायला लावला तेवढा एक सोडला, तर आठवड्याच्या मधल्या वारी कधीच केलेला नव्हता.

"मावशी," पलीकडून सुनेने जरा चाचरत विचारलं, "लेकीचाच फोन असायचा ना हो? मला आपलं मधूनमधून वाटायचं, बाबा स्वतःची समजूत घालतायत की काय."

आईने लेकीकडे बघितलं. लेक मान वर करत नव्हती.

"तिचाच असायचा," आई म्हणाली. "रोज. न चुकता."

"बरं वाटलं बाई ऐकून. बाबांचं खरं होतं म्हणायचं."

"हो. त्यांचं खरं होतं."

फोन बंद झाला. लेक उठून जवळ आली. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. आईने तो झटकला नाही आणि धरलाही नाही.

"चार महिने मी त्यांना नाही नाही ते बोलले गं," ती म्हणाली, आणि ओंजळीत तोंड घालून, लेकीच्या देखत, मोठ्याने रडायला लागली.