दुसऱ्यांदा ओढलेला हँडब्रेक

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा हँडब्रेक आहे आणि मला स्वस्थता ठाऊक नाही. तुम्ही म्हणाल, गाडी थांबवून ठेवायची एवढेच तर तुझे काम, त्यात अस्वस्थ होण्यासारखे काय आहे? तसे नाही हो. गाडी उतारावर उभी करून माणसे घरात जातात, पंखा लावतात, पाय पसरतात. मी मात्र दात आवळून ताणलेला असतो. कोणी येऊन मला खाली सोडेपर्यंत विसावा नाही. आत्ताही मी तसाच ताणलेला आहे, तेव्हा सांगता सांगता एखादी गोष्ट पुढेमागे झाली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादी पत्रा दाबून माझा दांडा केला, त्यावर काळी मूठ चढवली, टोकाला एक बटण दिले आणि बुडाशी दातेरी पट्टी बसवली. मला वर ओढले की आतली खिटी एकेका दात्यावर चढते आणि कट् कट् असा आवाज होतो. तेथून एक तार गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत जाते. एवढाच माझा पसारा. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी मला ओढून पाहिले, "हा घट्ट आहे," म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या. तेवढ्या स्तुतीवर मी कित्येक वर्षे काढली.

आमची गाडी घेतली ती एका चष्मेवाल्यांनी. त्यांचे घर चढावरच्या गल्लीत होते. गल्लीपासून घराच्या कडेने एक सिमेंटचा उतार खाली जात असे आणि त्याच्या तळाशी काचा घासायची खोली होती. खोलीची उताराकडची बाजू सताड उघडी. समोरच्या भिंतीला मोठी खिडकी. चांगला उजेड तिथेच पडतो म्हणून चष्मेवाले खिडकीकडे तोंड करून बसत, घासणीचे यंत्र सुरू करत आणि मग त्यांच्या कानाशी नगारा वाजवला तरी त्यांना कळत नसे. गाडी उभी राहायची ती उतारावर, नाक खाली करून. म्हणजे माझ्यापुढे काच, काचेपुढे उतार आणि उताराच्या शेवटी चष्मेवाल्यांची पाठ. निळ्या एप्रनची, किंचित वाकलेली. दिवसभर मला ती पाठ दिसायची.

गाडी गिअरमध्ये ठेवायची त्यांची पद्धत नव्हती. एकदा गिअर काढायचे विसरून त्यांनी चावी फिरवली आणि गाडीने पुढे अशी उडी घेतली, की त्यांनी त्या दिवशी कानाला खडा लावला. म्हणजे जो काही भरवसा होता तो माझ्या एकट्यावर होता.

चष्मेवाल्यांची बायको परिचारिका होती. रुग्णालयात सगळे त्यांना सिस्टर म्हणत, त्यामुळे घरातही तेच नाव पडले, नवऱ्याच्या तोंडीसुद्धा. त्यांच्या रुग्णालयात एक नियम होता. एकीने इंजेक्शन भरायचे, दुसरीने औषधाचे नाव आणि मात्रा पुन्हा वाचून पाहायची, मगच टोचायचे. यात पहिलीवर अविश्वास नसतो. माणसाचा हात आहे, दमतो, चुकतो, म्हणून दुसरा हात. सिस्टर हा नियम पदराला बांधूनच घरी घेऊन आल्या होत्या. गॅसचे बटण त्या दोनदा बघत, दाराची कडी दोनदा ढकलत आणि गाडी उभी केली की आधी चष्मेवाले मला ओढत, मग शेजारच्या सीटवरून सिस्टर मला आणखी एक कट् वर घेत.

"काय सिस्टर, दिलंत का पेशंटला दुसरं इंजेक्शन?" चष्मेवाले विचारत.

"तुम्ही उतरा," सिस्टर म्हणत.

रोजचेच हे. त्यांना वाटे, बायकोला आपल्या हातावर भरवसा नाही. ते हसण्यावारी नेत, पण कुठेतरी लागतही असावे, नाहीतर माणूस एकच विनोद इतकी वर्षे करत नाही. खरी गोष्ट मला ठाऊक होती. मला वर घेताना सिस्टरांचे डोळे माझ्याकडे नसत. ते काचेतून खाली, त्या रिकाम्या स्टुलाकडे असत. थोड्या वेळाने तिथे कोण येऊन बसणार हे त्यांना माहीत होते. पण हे त्या कधी बोलल्या नाहीत, आणि मला तर तोंडच नाही.

वर्षे गेली. माझी मूठ गुळगुळीत झाली. माझी तार सैल होऊ लागली आणि पूर्वी अर्ध्यावर आवळणारा मी आता पार कोपराच्या उंचीवर येऊ लागलो. मला रात्रंदिवस एकच घोर लागला, की उद्या मला ओढतील आणि मी नुसताच वर येईन. शेवटी गाडी गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिकने मला ओढून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"एवढा जोर कोण लावतं हो?"

"एकदा मी, एकदा ही," चष्मेवाले म्हणाले.

"ताई, हँडब्रेक आहे हा, रस्सीखेच नाही! दोघं मिळून ओढल्यावर तार लांबणार नाही तर काय? एकानं नीट ओढला की पुरे. आणि अधूनमधून दाखवायला आणत जा."

त्याने तार आवळून दिली. बोलला त्यात खोटे काही नव्हते. पण चष्मेवाल्यांना आयते कोलीत मिळाले. येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगू लागले, "आमच्या सिस्टरनं ब्रेकचाच खांदा निखळवला!" गिऱ्हाईक हसायचे. सिस्टरही हसायच्या, पण त्या दिवसापासून त्यांनी मला हात लावणे सोडले. गाडी थांबली की त्या आपली पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून बसत. माझ्याकडे एकदा बघत आणि नजर काढून घेत. मित्रांनो, तो एक कट् ऐकू येईनासा झाला आणि माझी उरलीसुरली झोपही उडाली.

त्याच सुमारास त्यांच्या मुलीने नवी गाडी घेतली. तिला घरात बिट्टी म्हणतात. ती लोकांचे कान तपासून त्यांना ऐकण्याची यंत्रे बसवून देते. चष्मेवाले म्हणायचे, "बाप डोळे बघतो, लेक कान बघते आणि आई सगळ्यांच्या चुका बघते." बिट्टीची गाडी आली ती माझ्या गाडीला खेटून, गल्लीच्या कडेला उभी राहिली. मी डोकावून पाहिले तर माझ्या जागी काहीच नाही! नखाएवढे एक बटण.

"याला हँडब्रेक कुठाय?" सिस्टरांनी विचारले.

"हे काय, हे बटण. तेसुद्धा दाबावं लागत नाही, आई. गाडी बंद केली की आपोआप लागतो."

"आणि लागला हे कळतं कसं?"

"दिवा लागतो ना लाल."

"दिवा सांगतो होय?" सिस्टर म्हणाल्या. "आमच्या वॉर्डातही पेशंटनं बोलावलं की लागणारा एक दिवा होता. बल्ब गेला की सगळे पेशंट बरे व्हायचे."

बिट्टी खोखो हसली. मला त्या बटणाचा भयंकर राग आला होता. ना घाम, ना ताण, ना कट्. मागच्या चाकापाशी बसवलेली एक छोटी मोटर घुर्र करते आणि झाले काम. पण रागाच्या भरात खोटे कशाला बोलू? तो बटणाचा ब्रेक माझ्याहून जोरकस होता. अर्धवट ओढला गेला असे त्याचे कधी होत नाही. चालवणाऱ्याचा हात थकला म्हणून तो ढिला पडत नाही. मला त्याच्यात एकच खोट दिसत होती आणि ती खरे तर त्याची नव्हतीच. तो इतके निमूटपणे सगळे करायचा, की बिट्टीचा हात ब्रेक नावाची वस्तूच विसरून गेला होता.

मग तो दिवस आला. बिट्टीची गाडी सर्व्हिसिंगला गेली होती. चष्म्याच्या काचांचे एक मोठे पार्सल आणायचे होते, म्हणून ती आईला घेऊन आमच्या गाडीतून गेली. दुपारी दोघी परत आल्या. बिट्टीने सवयीने गाडी उतारावर आणली, नाक खाली करून थांबवली, चावी फिरवली आणि काढून घेतली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने पायाच्या ब्रेकवरचा पाय उचलला. उताराच्या सुरुवातीला सिमेंटच्या जोडावर एक बारीकसा उंचवटा आहे, त्याला पुढची चाके टेकली आणि गाडी उभी राहिली. बिट्टीला वाटले, ब्रेक लागला. मी तिच्या मांडीशेजारी आडवा पडलो होतो. मला कोणी ओढलेच नव्हते.

मी सिस्टरांकडे पाहिले. त्यांच्या मांडीवर पार्सल होते. माझ्याकडे बघायचे नाही, असे त्यांनी ठरवलेलेच होते. माझ्या जिवाची नुसती तगमग चालली होती. खाली यंत्र घरघरत होते आणि निळी पाठ वाकलेली होती.

बिट्टीने उतरून दार धाडकन लावले. तेवढ्या हिसक्याने चाके उंचवट्यावरून पुढे आली.

गाडी आधी इतकी हळू निघाली, की मुंगीही बाजूला झाली असती. मग तिने वेग घेतला. "बाबा!" बिट्टी किंचाळली. बाबांना ऐकू जाणार कुठून! सिस्टरांनी मान वर केली, समोर पाहिले, पार्सल फेकले आणि दोन्ही हातांनी मला धरून असे ओढले, की माझा एकेक दाता कळवळला. कट्, कट्, कट्, आणि एकदा खिटी घसरली. मित्रांनो, ती घसरली तो क्षण अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मग ती पुढच्या दात्यात बसली. तार कडक झाली. मागची चाके ओरडत घासली आणि गाडी थांबली. बंपर आणि स्टूल यांच्यामध्ये एक गुंडाळलेली चटई उभी करावी, इतकीच जागा उरली होती.

चष्मेवाल्यांच्या टेबलावर गाडीची सावली पडली तेव्हा कुठे त्यांनी यंत्र बंद करून मागे पाहिले.

"अरे, इतकी जवळ? मला शिंगावर घेता की काय?" ते म्हणाले. कोणी हसले नाही. मग त्यांना सिस्टरांचा चेहरा दिसला.

बिट्टी धावत आली. "आई, सोड आता. थांबली गाडी."

"नाही सोडणार."

"आई, मी ओढलाच नाही गं. माझ्या गाडीत आपोआप... मी विसरलेच."

"आणि मी बघायचं सोडलं होतं," सिस्टर म्हणाल्या. त्यांची बोटे माझ्या मुठीवर इतकी आवळली होती, की बिट्टीला ती एकेक करून सोडवावी लागली. तोवर चष्मेवाल्यांनी दोन विटा आणून पुढच्या चाकांना लावल्या. पार्सलमधल्या काचांचा चुरा सीटखाली पसरला होता तो तसाच राहिला.

चष्मेवाले उतारावर आले. त्यांनी आमच्या गाडीकडे पाहिले, मग आपल्या स्टुलाकडे, मग पुन्हा गाडीकडे. डोळ्यांचे काम करणारा माणूस, पण ती सरळ रेषा त्यांना आज पहिल्यांदा दिसली.

"तू यासाठी ओढायचीस?" त्यांनी विचारले.

सिस्टरांनी मान डोलावली.

"मला वाटायचं, माझ्यावर भरवसा नाही तुझा. एवढी वर्षं भीती वाटत होती, तर बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार? मी हात लावला, की तुम्ही इंजेक्शनचं विचारायचात आणि हसायचात. हसणाऱ्या माणसाला काय सांगायचं, की तुमच्या पाठीची भीती वाटते मला?"

चष्मेवाले आत गेले आणि त्यांनी काचा घासायचे टेबल खिडकीपासून ओढायला सुरुवात केली. बिट्टी दुसऱ्या बाजूने लागली. संध्याकाळपर्यंत टेबल, यंत्र, स्टूल, सगळे बाजूच्या भिंतीआड गेले. तिथे गाडी घसरत आली तरी पोचणार नाही. उजेड तिथे कमी पडतो, म्हणून त्यांनी एक दिवा आणून लावला आणि त्या दिव्याच्या नावाने ते रोज कुरकुर करतात. अर्ध्या दिवसाचे काम होते, मित्रांनो. त्यासाठी सिस्टरांचा जीव इतकी वर्षे टांगणीला लागला होता.

माझी तार नंतर बदलली. बिट्टी आता तिच्या गाडीतही लाल दिवा पाहते, पायाच्या ब्रेकवरून पाय सावकाश उचलते, गाडी हलत नाही ना याची खात्री करते आणि मगच दार उघडते. बटणाला त्याचा राग येत नाही. मलाही तपासून पाहिल्याचा राग कधी आला नव्हता.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीत माझ्यासारखा दांडा असो की ते नखाएवढे बटण, उतरण्यापूर्वी एकदा बघायला सांगा. आम्ही लोखंडाचे असलो तरी झिजतो आणि विजेवर चालणाऱ्यांचेही बिनसते. ही झाली आमची काळजी. पण तुम्हाला खरी विनंती वेगळीच आहे. तुमच्या घरात कोणीतरी असेल, जे तुम्ही लावलेली कडी पुन्हा ढकलून बघते, तुम्ही बंद केलेला गॅस पुन्हा बघते, तुम्ही पोचलात का म्हणून दोनदा फोन करते. त्यांना हसू नका. जवळ जाऊन बसा आणि विचारा, "तुला कशाची भीती वाटते?" मग ते सांगतील तोपर्यंत गप्प राहा.