बेरिलचे प्रताप

गॉर्डन पिकरिंगने प्रिंटरच्या तोंडातून तिसऱ्यांदा चुरगळलेला कागद ओढून काढला आणि सवयीने हाक मारली, "बेरिल!" मग स्वतःशीच ओशाळून तो खुर्चीत बसला. बेरिलला जाऊन सात आठवडे झाले होते.

एका कॉम्प्युटर मासिकाचं शेवटचं पान, विनोदी सदराचं, सतरा वर्षं त्याचं होतं. लोक मासिक मागून उघडत, ते त्या पानावरच्या त्याच्या बायकोसाठी, बेरिलसाठी. तिने फ्लॉपी लोहचुंबकाने फ्रिजला चिकटवून तिच्यावरची सगळी माहिती पुसली, माउस पायाने दाबून पाहिला. सगळं इंग्लंड तिला हसलं. खरं तर हे सारे प्रताप गॉर्डनचेच. बेरिलने तीस वर्षं स्टॉकपोर्टच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्या होत्या. घरातलं प्रत्येक यंत्र तिच्याच हाताने सुरू व्हायचं. हा मात्र आयत्या बिळावरचा नागोबा. करायचं आपण आणि हसवायचं तिच्या नावावर.

या महिन्यात त्याने खरं काय ते लिहून काढलं. प्रिंटर काही बधेना, तेव्हा त्याने संपादिका फियोनाला फोन लावून सगळं वाचून दाखवलं.

"हे छापायलाच हवं, फियोना. तिच्या मैत्रिणीसुद्धा तिला वेंधळी समजायच्या. मी कधी माफीही मागितली नाही."

"छापते की. पण इथे कुणाला नवल वाटायचं नाही हं."

"म्हणजे?"

"तुमचा लेख आला की दुसऱ्या दिवशी बेरिलचा फोन ठरलेला. कुठली केबल कुठे लागते, ते तुम्ही हमखास उलटं लिहायचा. ती सगळं दुरुस्त करून द्यायची. तुम्हाला कळता कामा नये, अशी तंबी होती आम्हाला."



"आणि ते विनोद? तिच्यावरचे?" गॉर्डनने विचारलं.

"एकदा मी विचारलं, हे जरा जास्तच झालंय, गाळू का? तर उसळलीच. म्हणाली, खबरदार हात लावलास तर! तेवढं माझ्या नावावर घालायला तरी तो दिवसभर माझ्याकडे बघत असतो."

समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तो बघत राहिला. आता बघायला कुणी नव्हतं, आणि बघावंसं फार वाटत होतं.

"गॉर्डन? आहात ना? छापू मग?"

"नको," तो म्हणाला. "उद्यापर्यंत थांब. आज बेरिलने प्रिंटरचं काय केलं, ते लिहायचं राहिलंय."